गर्भकाळातील धूम्रपान आणि मुलांमधील अवधानदोष

मूल वर्गात एका जागी बसत नाही, सांगितलेले अर्धेच ऐकते, वह्या-पेन्सिली रोज हरवते, अशा तक्रारी शाळेतून येऊ लागल्या की घरात कारणांचा शोध सुरू होतो. कोणी मोबाइलला दोष देतो, कोणी लाडाला, तर कोणी थेट आईला. गरोदरपणात तिने काय खाल्ले, काय केले, घरात कोण विडी-सिगारेट ओढत होते, इथपर्यंत चौकशी जाते. गर्भकाळातील धूम्रपान आणि मुलांमधील अवधानाच्या अडचणी यांचा संबंध असल्याचे वृत्त अधूनमधून प्रसिद्ध होते व त्यातून अनेक पालकांच्या मनात अपराधभावना घर करते. हा संबंध नेमका कसा आढळला, तो कितपत सिद्ध झाला आहे आणि त्यापासून व्यवहारात कोणता बोध घ्यावयाचा, याचा हा परामर्श.

अवधानदोष म्हणजे काय?

वैद्यकशास्त्रात ज्याला अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, अर्थात संक्षेपाने एडीएचडी म्हणतात, तो मेंदूच्या विकासाशी निगडित असा विकार आहे. त्याची लक्षणे तीन प्रकारची असतात : लक्ष टिकवून ठेवता न येणे, वयाला न शोभणारी अतिचंचलता आणि विचार न करता कृती करण्याची ओढ. काही मुलांत केवळ पहिला प्रकार दिसतो. अशी मुले दंगा करीत नाहीत, त्यामुळे ती शिक्षकांच्या नजरेत उशिरा येतात. मुलींच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते.

प्रत्येक चंचल मूल या विकाराने ग्रस्त असते असे नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, ती वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसू लागलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती आढळावीत आणि त्यांमुळे मुलाच्या दैनंदिन जीवनात खरोखर अडथळा येत असावा. अवधानाच्या व अतिचंचलतेच्या अशा दोन गटांत प्रत्येकी नऊ लक्षणे दिलेली असून, त्यांपैकी एखाद्या गटातील किमान सहा लक्षणे बालकात आढळणे आवश्यक मानले जाते. जगभरातील अभ्यासांचा एकत्रित विचार करता शाळकरी वयातील सुमारे पाच टक्के मुलांमध्ये हा विकार असावा, असा अंदाज आहे. ४० मुलांच्या वर्गात साधारण दोन मुले, असे त्याचे स्थूल प्रमाण होते.

या विकाराविषयीची सर्वांत ठाम गोष्ट म्हणजे त्याचे अनुवंशाशी असलेले नाते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की, व्यक्तीव्यक्तींमध्ये या बाबतीत जो फरक आढळतो, त्यातील सुमारे ७० ते ८० टक्के वाटा जनुकीय घटकांचा असतो. पुढील सर्व विवेचन समजून घेताना हा आकडा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

धूर गर्भापर्यंत कसा पोहोचतो?

आईने ओढलेल्या धुराचा गर्भाशी थेट संपर्क येत नाही, परंतु त्यातील घटक रक्तावाटे त्याच्यापर्यंत जातात. निकोटिन हा लहान व चरबीत सहज विरघळणारा रेणू असल्याने तो वार ओलांडून गर्भाच्या रक्तात उतरतो. तेथील त्याचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणाएवढे, काही वेळा त्याहूनही किंचित अधिक आढळते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक बळकटपणे चिकटतो. परिणामी, गर्भाला मिळणारा प्राणवायू घटतो.

मेंदूचा संबंध येतो तो याच्याही पुढे. मेंदूतील पेशींवर निकोटिनला प्रतिसाद देणारी ग्राहके असतात. वास्तविक ती ॲसिटिलकोलिन या शरीराच्या स्वतःच्या संदेशवाहक द्रव्यासाठी असतात, आणि गर्भावस्थेच्या प्रारंभीच्या काळातच ती तयार होऊ लागतात. मेंदूतील पेशींनी केव्हा विभागायचे, कोठे जायचे, कोणाशी जोडणी करायची, या क्रमाचे नियमन करण्यात या यंत्रणेचा भाग असतो. बाहेरून आलेले निकोटिन ही ग्राहके अवेळी उद्दीपित करते. उंदीर-घुशींवरील प्रयोगांत गर्भकाळात निकोटिन दिलेल्या माद्यांच्या पिल्लांमध्ये अतिचंचलता व डोपामाइन यंत्रणेतील बदल आढळले आहेत. अवधान आणि आत्मनियमन या दोहोंशी डोपामाइनचा निकटचा संबंध असल्याने, मानवातही तसेच होत असावे ही शंका साधार होती.

संबंध आढळला कसा?

गर्भवतीच्या धूम्रपानाचे दुष्परिणाम १९५७ पासून नोंदले जाऊ लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवून देण्यात आले. त्यानंतर कमी वजनाच्या बालकांचा प्रश्न पुढे आला. वर्तनविषयक परिणामांकडे संशोधकांचे लक्ष वळले ते त्याही नंतर.

१९९६ मध्ये हार्वर्डशी संलग्न असलेल्या शॅरन मिलबर्गर, जोसेफ बीडरमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. अवधानदोष असलेल्या मुलांपैकी २२ टक्क्यांच्या मातांनी गर्भकाळात धूम्रपान केले होते, तर विकार नसलेल्या मुलांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. पुढील दोन दशकांत अशा अभ्यासांची संख्या वाढत गेली. २०१८ मध्ये 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात २० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३० लाख व्यक्तींची माहिती समाविष्ट होती. गर्भकाळात धूम्रपान केलेल्या मातांच्या मुलांमध्ये अवधानदोषाची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यातून दिसले. अधिक सिगारेटी ओढणाऱ्या मातांच्या मुलांत ती आणखी थोडी जास्त होती.

'६० टक्क्यांनी अधिक' हे शब्द घाबरवणारे आहेत, म्हणून त्यांचा अर्थ उलगडून पाहिला पाहिजे. १०० मुलांमागे एरवी पाच मुलांना हा विकार होत असेल, तर ६० टक्के वाढ म्हणजे सुमारे आठ मुले. उरलेल्या ९२ मुलांना तो होत नाही. म्हणजेच, आईने धूम्रपान केले म्हणून मूल अवधानदोषीच निपजेल असे नाही, आणि अवधानदोष असलेल्या बहुसंख्य मुलांच्या माता धूम्रपान करणाऱ्या नसतात.

संबंध म्हणजे कारण नव्हे

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. येथे तर एक मोठी अडचण आहे. ज्या व्यक्तींना स्वतःला अवधानदोष असतो, त्यांच्यात तंबाखूचे व्यसन लागण्याचे आणि ते न सुटण्याचे प्रमाण इतरांहून अधिक असते. अशा आईकडून मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी मिळू शकतात : गर्भकाळात निकोटिन आणि जन्मतः अवधानदोषाची जनुकीय प्रवृत्ती. मग मुलात दिसणारा दोष यांपैकी कशामुळे?

हा गुंता सोडवण्यासाठी संशोधकांनी काही कल्पक मार्ग शोधले. कार्डिफ विद्यापीठातील अनिता थापर व सहकाऱ्यांनी कृत्रिम गर्भधारणेने जन्मलेल्या मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. यातील काही मुले आईच्या स्वतःच्या बीजापासून झालेली होती, तर काही दुसऱ्या स्त्रीने दान केलेल्या बीजापासून. दुसऱ्या गटातील गर्भवती आणि मूल यांच्यात गर्भाशयाचे नाते होते, जनुकांचे नव्हते. धूम्रपानामुळे जन्माच्या वेळचे वजन दोन्ही गटांत घटलेले आढळले. म्हणजे तो परिणाम गर्भाशयातील धुराचाच होता. अवधानाच्या लक्षणांशी असलेला संबंध मात्र जनुकीय नाते असलेल्या जोड्यांतच ठळकपणे दिसला.

दुसरा मार्ग सख्ख्या भावंडांची तुलना हा. एका गर्भारपणात आईने धूम्रपान केले व दुसऱ्यात केले नाही, तर त्या दोन मुलांची तुलना करता येते. त्यांची आई, घर आणि बहुतांश परिस्थिती एकच असते. स्वीडनमध्ये १९९२ ते २००० या काळात जन्मलेल्या आठ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण तुलनेत धूम्रपान आणि अवधानदोष यांचा संबंध स्पष्ट दिसत होता, परंतु सख्ख्या भावंडांची तुलना करताच तो जवळजवळ नाहीसा झाला. डेन्मार्कमधील नोंदींवर बेतलेल्या २०१६ च्या अभ्यासातही भावंडांच्या तुलनेत हा संबंध बराच क्षीण झाला.

दुसरी बाजू

येथे प्रश्न संपला असे म्हणता येत नाही. भावंडांच्या तुलनेलाही मर्यादा आहेत. एका गर्भारपणात धूम्रपान करून दुसऱ्यात ते पूर्णतः सोडणाऱ्या माता थोड्या असतात, आणि आपण किती सिगारेटी ओढल्या हे सांगताना स्त्रिया संकोचाने प्रमाण कमी सांगतात. अशा चुका झाल्या की खरा परिणामही झाकला जाऊ शकतो.

म्हणून फिनलंडमधील आन्द्रे सौरांदर व सहकाऱ्यांनी मातांच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्यांच्या रक्ताची तपासणी केली. निकोटिनचे शरीरात विघटन झाल्यावर कोटिनिन हे द्रव्य तयार होते व ते निकोटिनपेक्षा बराच अधिक काळ रक्तात राहते. १९९८ व १९९९ मध्ये जन्मलेल्या, पुढे अवधानदोषाचे निदान झालेल्या १,०७९ मुलांच्या मातांचे गरोदरपणातील जपून ठेवलेले रक्तनमुने त्यांनी तपासले आणि तितक्याच इतर मुलांच्या मातांशी त्यांची तुलना केली. कोटिनिनचे प्रमाण जसजसे अधिक, तसतशी मुलात अवधानदोष असण्याची शक्यता अधिक, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटात ती दुपटीहून अधिक होती. आईवडिलांचे मानसिक आजार आणि सामाजिक स्थिती यांचा हिशेब मांडल्यानंतरही हा संबंध टिकला. जनुकीय प्रवृत्तीचा प्रश्न मात्र या पद्धतीने पूर्णतः सुटत नाही.

सारांश असा की, गर्भकाळातील धूम्रपान आणि अवधानदोष एकत्र आढळतात हे निश्चित आहे. त्यातील मोठा भाग कुटुंबातील समान जनुके व परिस्थिती यांमुळे आहे, असे बळकट पुरावे सांगतात. निकोटिनचा थेट वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत एकमत झालेले नाही.

वडिलांचे काय?

या चर्चेत आईवरच बोट रोखले जाते, पण वडिलांच्या धूम्रपानाचा अभ्यास फार उद्बोधक आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास गरोदर असलेल्या सुमारे १४,००० स्त्रियांची व त्यांच्या मुलांची नोंद एका दीर्घकालीन प्रकल्पात ठेवण्यात आली आहे. त्या माहितीवर आधारित व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आई धूम्रपान करीत नसतानाही वडील करीत असतील, तर मुलात अवधानदोषाची लक्षणे अधिक आढळली. वडिलांच्या धूम्रपानाशी असलेला संबंध आईच्या धूम्रपानाशी असलेल्या संबंधाएवढाच होता.

यातून दोन निष्कर्ष निघतात. वडिलांच्या सिगारेटीतील निकोटिन गर्भापर्यंत आईच्या मानाने फारच अल्प पोहोचते. तरीही संबंध तेवढाच दिसत असेल, तर त्यामागे गर्भाशयातील परिणामाऐवजी कौटुंबिक घटक असण्याची शक्यता वाढते. हा शास्त्रीय निष्कर्ष झाला. दुसरा निष्कर्ष सामाजिक आहे : मुलाच्या चंचलतेसाठी एकट्या आईला जबाबदार धरण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही.

आपल्याकडील चित्र

वरील बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतील, सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांवर झालेले आहे. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण केवळ २ टक्के होते, तर पुरुषांचे १९ टक्के. मात्र धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १२.८ टक्के होत्या. घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरे जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३८.७ टक्के होते. गोव्याच्या दृष्टीने समाधानाची बाब अशी की, याच सर्वेक्षणात तंबाखूसेवनाचे देशातील सर्वांत कमी प्रमाण, ९.७ टक्के, गोव्यात आढळले. राज्याने धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९७ मध्येच केला होता. केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. परंतु हे सर्व कायदे घराबाहेरचे आहेत. गर्भवतीचा अधिकांश वेळ जातो तो घरात.

महाराष्ट्र, कोकण व गोव्यात स्त्रियांच्या तंबाखूसेवनाचे परिचित रूप म्हणजे मशेरी किंवा मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून, काळी होईपर्यंत जाळून केलेली ही पूड दातांना लावली जाते. सकाळी पोट साफ होते, दात ठणकत नाहीत, अशा समजुतीने सुरू झालेली सवय दिवसातून अनेक वेळा लावण्यापर्यंत जाते. अनेक स्त्रिया तिला व्यसन मानतच नाहीत. त्यामुळे 'तंबाखू घेता का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असे येते.

मशेरी निरुपद्रवी नाही, हे मुंबईतच झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. प्रकाश गुप्ता व एस. श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवतींच्या पाहणीवर आधारित अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू, मुख्यत्वे मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. कमी वजनाच्या बालकांचे व अकाली प्रसूतीचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. कमी वजन आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म हे दोन्ही घटक पुढे अवधानाच्या अडचणींशी निगडित असल्याचे स्वतंत्र अभ्यासांतून ज्ञात आहे.

निर्विवाद काय आहे?

अवधानदोषाबाबत मतभेद असले, तरी गर्भवतीने तंबाखूपासून दूर राहावे यात कोणताही मतभेद नाही. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे २०० ग्रॅमने कमी असते. अकाली प्रसूती, मृतजन्म, वार वेळेपूर्वी सुटणे, तान्ह्या बाळाचा झोपेत आकस्मिक मृत्यू, या सर्वांचा धोका वाढतो. घरातील धुरामुळे बालकांना दमा, छातीचे व कानाचे संसर्ग अधिक होतात. तंबाखू सोडण्यासाठी एवढी कारणे पुरेशी आहेत.

सोडण्याचा लाभही त्वरित मिळतो. शेवटच्या सिगारेटीनंतर एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ व्या आठवड्यापूर्वी धूम्रपान थांबवलेल्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीचे व खुरट्या बाळांचे प्रमाण कधीच धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांइतकेच आढळले. पंधरा आठवडे उलटून गेले असले तरी 'आता काय उपयोग' असे समजू नये, कारण बाळाचे वजन सर्वाधिक वाढते ते शेवटच्या तीन महिन्यांत.

काय करावे?

गर्भवतीने पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना किंवा परिचारिकेला तंबाखूच्या कोणत्याही रूपाविषयी सांगावे, मशेरी असली तरी. समुपदेशन हा यावरील पहिला उपाय आहे. निकोटिनचा च्युइंगगम वा पट्टी गर्भारपणात स्वतःच्या मनाने वापरू नये. ई-सिगारेट हा सुरक्षित पर्याय नाही. तिच्यातही निकोटिन असते आणि २०१९ पासून भारतात तिच्या विक्रीवर बंदी आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

घरातील पुरुषांनी खिडकीत वा गच्चीवर जाऊन ओढणे हा उपाय नव्हे, कारण धुराचे अंश कपड्यांना व भिंतींना चिकटून राहतात. शिवाय, पती ओढत राहिला तर पत्नीला सोडणे कठीण जाते आणि सोडलेले टिकत नाही. गर्भधारणेचा विचार होताच दोघांनी मिळून सोडणे, हाच खरा मार्ग होय.

मूल आधीच मोठे झाले असेल आणि त्याच्यात अवधानदोषाची लक्षणे दिसत असतील, तर भूतकाळातील कारण शोधण्यात वेळ दवडू नये. कारण कोणतेही असले तरी उपचार बदलत नाहीत. प्रथम श्रवण, दृष्टी व झोप यांची तपासणी करून बालरोगतज्ज्ञांचा व त्यांच्या सल्ल्याने मनोविकारतज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि त्यातील विकारांच्या यादीत अवधानदोषाचा समावेश आहे. गोव्यात बांबोळी येथे वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था या दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ उपलब्ध आहेत. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांना दिले जाणारे वर्तनविषयक प्रशिक्षण हा प्रथम उपचार मानला जातो. त्यापुढील वयात गरजेनुसार औषधांची जोड दिली जाते व ती बहुसंख्य मुलांना उपयोगी पडतात. शाळेत पुढच्या बाकावर जागा, लहान टप्प्यांत दिलेला अभ्यास, मध्ये हालचालीस मुभा आणि चुकीपेक्षा प्रयत्नाची दखल, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

ज्या आईने कधीकाळी मशेरी लावली वा सिगारेट ओढली, तिने मुलाच्या प्रत्येक अडचणीचे मूळ त्यात शोधू नये आणि इतरांनी तर ते मुळीच शोधू नये. अवधानदोषामागे अनेक जनुके व अनेक परिस्थिती एकत्र काम करीत असतात. तंबाखू हा त्यांतील फार तर एक घटक आहे. मात्र जनुके बदलता येत नाहीत, तंबाखू सोडता येते. ज्या घरात बाळाची चाहूल लागली आहे, त्या घराने एवढेच लक्षात ठेवावे.